थांबला तो संपला की जिंकला?

सकाळी सव्वानऊ वाजले की आमच्या ग्रुपमधली पोरं एकदम गप्प होतात. कॉलेजचा कट्टा असो, भिंगारहून नगरला जाणारी रिक्षा असो, नाहीतर लेक्चरचा शेवटचा बाक. माना खाली, अंगठे स्क्रीनवर. बाजार उघडलेला असतो. दहा वाजेपर्यंत कुणीतरी 'आज पार्टी माझ्याकडून' म्हणतं आणि साडेतीनला तोच पोरगा चहाचे दहा रुपये उधार मागतो.

मी त्यांना हसत नाही. इंटर्नशिपच्या पहिल्या स्टायपेंडमधले साडेचार हजार मीसुद्धा ऑप्शन्समध्ये घातले होते. पावणेदोन दिवस टिकले.

त्यानंतर ग्रुपवर एका मित्राने एक गोष्ट टाकली. तुम्हीही ऐकली असेल: 'अमळनेर, करोडपतींचं गाव. आजोबांनी विप्रोचा शेअर घेतला, विकला नाही, आणि नातवंडांचं कल्याण झालं.' खाली मोठ्या अक्षरांत, 'बस, होल्ड करा!' लगेच पंधरा अंगठे आणि सात रॉकेट.

गोष्ट खरी आहे. पण पत्रकारिता शिकताना सर एक सवय लावतात. गोष्ट खरी असली तरी ती पूर्ण आहे का, ते बघायचं. म्हणून बघायला बसले.

२९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली आणि जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरमध्ये कारखाना काढला. खानदेशात शेंगदाणा मुबलक आणि दाराशी रेल्वे. तिथे वनस्पती तूप बनू लागलं, पुढे साबणही. १९४६ मध्ये शेअर विक्रीला आले. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, नोकरदारांनी ते घेतले. साने गुरुजी जिथे शिक्षक होते आणि २०२४ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जिथे भरलं, ते हेच अमळनेर.

१९६६ मध्ये प्रेमजी अचानक गेले. एकवीस वर्षांचा मुलगा अझीम स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट टाकून परतला. म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. त्या काळातली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. भागधारकांच्या सभेत एक जण उठला आणि 'हे तुला झेपणार नाही, कंपनी विकून टाक' अशा अर्थाचं तोंडावर बोलला. आज आपण त्या माणसाला हसतो. पण त्या क्षणी कोण शहाणं होतं? वडील गेलेले, मुलाला अनुभव नाही आणि धंदा तुपाचा. तुमच्या घरातला कुणीही अनुभवी माणूस हाच सल्ला देता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कंपनीने हायड्रॉलिक्समध्ये हात घातला, आयबीएम भारतातून गेल्यावर संगणकाकडे वळली, नाव आखूड होऊन 'विप्रो' झालं. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंद झाली. अमळनेरमधले कागद मात्र ट्रंकेतच होते. वाटण्यांमध्ये शेताबरोबर शेअरचीही वाटणी झाली. घरात बाळ जन्मलं की त्याच्या नावाने एखादा शेअर घ्यायचा अशी पद्धतच तिथे पडली, असं अनेकदा छापून आलंय.

आता जरा गणित. १९९७ च्या बोनसआधी कुणाकडे विप्रोचे १०० शेअर होते असं धरा. त्या वर्षी एकाला दोन बोनस मिळाले, झाले ३००. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच केले, झाले १५००. २००४ मध्ये एकाला दोन, ४५००. २००५ मध्ये एकाला एक, ९०००. २०१० मध्ये तिनाला दोन, १५,०००. २०१७ मध्ये एकाला एक, ३०,०००. २०१९ मध्ये तिनाला एक, ४०,०००. २०२४ मध्ये एकाला एक, ८०,०००. २०२५ मध्ये विप्रोचा भाव बराच काळ अडीचशेच्या आसपास होता. म्हणजे शंभर शेअरचे साधारण दोन कोटी. लाभांश वेगळाच. आणि हे तर १९९७ पासूनचं. ज्यांच्या ट्रंकेत त्याच्याही आधीचे कागद होते, त्यांचा हिशोब आणखी मोठा.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण आमच्या ग्रुपवर 'बोनस आला' म्हटलं की दिवाळी सुरू होते. बोनसने कुणी श्रीमंत होत नाही. भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. शेअर दुप्पट झाले की भाव निम्म्यावर येतो. अमळनेरच्या लोकांचं भलं झालं ते तुकडे वाढले म्हणून नाही, तर मधल्या काळात भाकरीच वाढत गेली म्हणून. कंपनीचा नफा वाढत गेला.

इथपर्यंत गोष्ट ग्रुपवरच्या पोस्टसारखीच आहे. आता पुढचा भाग, जो पोस्टमध्ये नव्हता.

फेब्रुवारी २००० मध्ये आयटी शेअर्सचा ताप चढला होता. विप्रोचा भाव नऊ हजारांच्या वर गेला होता. समजा, त्या तेजीत एखाद्याने नऊ हजाराला एक शेअर घेतला आणि अमळनेरच्या आजोबांसारखाच ट्रंकेत ठेवून दिला. वर्ष-दीड वर्षात भाव पाव हिश्श्याच्याही खाली आला. तरी हा माणूस हलला नाही. सगळे बोनस घेतले. वरच्याच हिशोबाने त्याच्या एका शेअरचे २०२४ पर्यंत त्रेपन्नपेक्षा थोडे जास्त झाले. गुणिले अडीचशे, साधारण तेरा हजार. पंचवीस वर्षांत नऊ हजारांचे तेरा हजार! लाभांश आणि २०१३ च्या विभाजनात मिळालेलं धरलं तरी बँकेतली एफडी बरी म्हणायची वेळ.

कंपनी तीच. प्रेमजी तेच. संयमही तोच. एकाचे कोट्यवधी झाले आणि दुसऱ्याची पंचवीस वर्षं गेली. म्हणजे 'फक्त धरून ठेवा' हा सल्ला अर्धाच आहे. किती भावाला धरलं, हा उरलेला अर्धा.

आणि विभाजनाचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. २०१३ मध्ये विप्रोने साबण, तेल, दिवे, हायड्रॉलिक्स असे धंदे वेगळे काढून 'विप्रो एंटरप्रायझेस' या कंपनीत टाकले. ती शेअर बाजारात नाही. म्हणजे आज मोबाइलवर विप्रोचा शेअर घेणाऱ्याचा अमळनेरच्या त्या मूळ धंद्याशी संबंधच उरलेला नाही. आपण एकच कंपनी धरून बसलोय असं वाटतं, पण कंपनी आतून बदलत असते. तुपाची संगणकाची होते, संगणकाची सॉफ्टवेअरची होते. नाव तेवढं तेच राहतं.

आता माझ्या घरातलं सांगते.

आमचे आबा भिंगार कॅम्पात एमईएसमध्ये नोकरीला होते. त्यांच्याकडेही एक लोखंडी ट्रंक आहे. लष्करी हिरव्या रंगाची, कुलूप कधीच हरवलेलं. स्टायपेंड बुडाल्यावर मी अमळनेरची गोष्ट त्यांना सांगितली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठले आणि ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत जाड कागदाची, कडेला नक्षी असलेली शेअर सर्टिफिकेट्स. पिवळी पडलेली, पण एकही घडी मोडलेली नाही.

"कंपनी चांगली होती," आबा म्हणाले. "आपण रोज तिचा माल वापरायचो. लोक भले होते. विकायचं कधी मनातच आलं नाही."

"मग?"

"मग काय, बंद पडली. पत्र यायचं, तेबी यायचं बंद झालं."

मी कंपनीचं नाव शोधलं. बाजारातून कधीच बाद झालीय. कागदांची किंमत शून्य. आजीने आतून ऐकवलं, "त्या पैशांत तेव्हा पाटल्या झाल्या असत्या."

त्या रात्री मला झोप आली नाही. अमळनेरच्या आजोबांनी जे केलं तेच माझ्या आबांनी केलं होतं. ओळखीची कंपनी निवडली, कष्टाचे पैसे घातले, विकले नाहीत, भावाकडे बघितलं नाही. मग त्या आजोबांना दूरदृष्टीचे म्हणायचं आणि माझ्या आबांना भोळे? दोघांच्या स्वभावात काडीचा फरक नाही. फरक कंपनीच्या नशिबात आहे. पण आबांवर कुणी व्हिडिओ काढत नाही. जिंकलेल्यांची ट्रंक उघडली जाते, हरलेल्यांची माळ्यावर जाते. आणि आपण फक्त उघडलेल्या ट्रंका बघून नियम बनवतो.

नगरवाल्यांना तर हे वेगळं सांगायलाच नको. फिरोदियांची कायनेटिक इंजिनिअरिंग ही आपल्या मातीतली कंपनी. १९७२ मध्ये लुना आली आणि घराघरात पोचली. १९८४ मध्ये होंडाशी भागीदारी झाली. तेव्हा कुणाला वाटलं असतं का, की १९९८ मध्ये ती भागीदारी संपेल आणि २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे जाईल? दारात लुना उभी आहे म्हणून शेअर घेणं हे 'आम्ही तूप खातो म्हणून शेअर घेतला' इतकंच साधं आणि इतकंच प्रामाणिक कारण होतं. आणि १९१० पासूनची, शंभरी ओलांडलेली नगर अर्बन बँक? ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. अशा वेळी ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. शेअरला नसतं. जुनं आणि आपलं असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे.

मग थांबूच नये का? लगेच ऑप्शन्सकडे पळायचं? तिथली आकडेवारी तर आणखी वाईट आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. आणि २०२३-२४ मध्ये या ट्रेडर्सपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. म्हणजे आपणच. माझा एक मित्र या तोट्यात आहे. त्याने परीक्षा फीचे पैसे घातले होते आणि घरी अजून सांगितलेलं नाही. अमळनेरचा शेअरधारक चुकला असता तर त्याचे एकदा घातलेले पैसे गेले असते. आपण दर आठवड्याला नव्याने चुकतो.

मला वाटतं, अमळनेरकडून शिकायचं ते 'विकू नका' हे नाही. त्यांना विकणं अवघडच होतं. कागदी सर्टिफिकेट, ट्रान्सफर फॉर्म, मुंबईचा दलाल, टपालाचे आठवडे. डीमॅट आलं ते १९९६ नंतर. त्यांचा संयम अर्धा स्वभावाचा होता आणि अर्धा टपालखात्याचा. आपल्याला अंगठा दाबला की विकता येतं, म्हणून आपल्याला तो संयम जाणूनबुजून कमवावा लागणार.

खरं शिकायचं ते दुसरंच. एक, त्यांनी घातलेले पैसे उद्याच्या फीचे नव्हते. ते विसरता येण्यासारखे होते, म्हणून विसरले गेले. दोन, बहुतेकांचं घर शेतीवर, दुकानावर, पगारावर चालत होतं, शेअरवर नाही. एकाच कंपनीवर त्यांनी संसार लावला नव्हता. तीन, त्यांना कंपनी ठाऊक होती. फाटकातून आत जाणारी माणसं ओळखीची होती. आपल्यातल्या कितीजणांना आपण काल घेतलेली कंपनी नक्की काय बनवते हे सांगता येईल? मी ग्रुपवर विचारलं होतं. सात रॉकेटवाल्यांपैकी दोघांनी उत्तर दिलं, त्यातलं एक चुकीचं होतं.

'थांबला तो संपला' असं आपल्याला शाळेपासून शिकवलं. शेअर बाजारावर व्हिडिओ करणारे म्हणतात, थांबला तोच जिंकला. माझ्या घरात थांबलेला माणूस संपलाही नाही आणि जिंकलाही नाही. त्याची पेन्शन चालू आहे, तो रोज संध्याकाळी कॅम्पात चक्कर मारून येतो. कारण त्याने सगळं त्या एका कागदावर लावलं नव्हतं. मला आबांचा हा शहाणपणा त्या दोन कोटींच्या गणितापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

जाता जाता एक काम सांगते. या सुट्टीत घरातली ट्रंक उघडा. आजी-आजोबांना विचारा. जुनी शेअर सर्टिफिकेट्स सापडली तर फेकू नका, पण लगेच पार्टीही ठरवू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट करावं लागतं. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफकडे गेलेले असू शकतात. तिथून अर्ज करून ते परत मागता येतात, आणि त्यासाठी भरमसाट कमिशन मागणाऱ्या एजंटाची गरज नसते.

आणि काही नाही निघालं, तरी आजोबांशेजारी बसून ते कागद एकदा वाचा. आबांनी आमची पिशवी पुन्हा ट्रंकेत ठेवली. मी म्हटलं, "आता कशाला ठेवताय?"

"असू दे," म्हणाले. "तुझ्या पोरांना दाखवायला."