आकडा आईचा, तूट बाळाची

गर्भवतीच्या तपासणीत एखादा आकडा कमी निघाला की, आपल्या घरांतून दोष सुनेच्या माथी मारला जातो. तिने नीट खाल्ले नाही, तिची प्रकृतीच तोळामासा, असे निष्कर्ष काढले जातात. शरीरशास्त्र मात्र निराळा हिशेब मांडते.

एस्ट्रिऑल हे गर्भारपणातील एक संप्रेरक. ते मातेच्या रक्तात मोजले जात असले, तरी त्याचा कच्चा माल मुख्यतः गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी पुरवितात. गर्भाच्या यकृतात त्यावर प्रक्रिया होते आणि वार त्यापासून एस्ट्रिऑल घडविते. साहजिकच गर्भाच्या या ग्रंथी दुबळ्या असतील, अथवा मेंदूची वाढच न झाल्याने त्यांना चालना मिळत नसेल, तर मातेच्या रक्तातील पातळी घसरते. वारेत सल्फाटेझ नामक विकर नसल्यासही हेच घडते. असा मुलगा बहुधा खवलेदार त्वचेखेरीज निरोगी असतो. गर्भाचे आठवडे मोजण्यात चूक झाली, तरी आकडा फसवा ठरतो. तेव्हा एका आकड्यावरून घाबरून जाणे अनुचित, आणि सुनेला बोल लावणे तर सर्वस्वी अन्यायाचे.

तथापि प्रत्येक तूट मातेच्या रक्तात उमटत नाही. गर्भाची थायरॉइड ग्रंथी निकामी असल्यास मातेचे संप्रेरक वारेवाटे जाऊन त्याला काही अंशी सांभाळून घेते. मातेचा अहवाल निर्दोष येतो, बाळही जन्मतः बहुधा धडधाकट दिसते. नाळ कापली की ही उसनवारी संपते आणि मेंदूची हानी होऊ लागते. भारतात सुमारे हजार-दीड हजार जन्मांमागे असे एक बालक आढळते. टाचेतील रक्ताचे थेंब तपासून पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केल्यास ही हानी बहुतांशी टळते.

गोव्याने २००८ साली नवजातांच्या अशा तपासणीचा उपक्रम हाती घेतला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिंतूर-गंगाखेडच्या खेड्यांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची ही तपासणी होईल, अशी व्यवस्था या महाविद्यालयाने व जिल्हा प्रशासनाने उभारावी. एकीकडे स्वस्त गोळी, दुसरीकडे जन्मभराचे परावलंबन. यातील किफायत कोणती, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.