विंच रिकामा फिरला म्हणजे झाले काय?



गळीत हंगाम तोंडावर आला की दुरुस्तीच्या कामांना वेग येतो. मिल, बॉयलर, गव्हाण, वजनकाटे, सगळे तपासले जाते. पण शेतकी खात्याच्या गाडीवर बसविलेल्या विजेच्या विंचची पाळी आली की कोणीतरी बटण दाबतो, ड्रम फिरतो आणि वहीत 'चालू' अशी नोंद पडते. ही पद्धत चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. रिकामा ड्रम फिरवायला मोटारीला फारसा करंट लागत नाही. तोच चार टनी विंच काळ्या रानात रुतलेली ट्रॉली पूर्ण ताकदीने ओढू लागला, की १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४०० ॲम्पियरच्या आसपास करंट खेचतो. तिथे सैल नट, गंजलेले टर्मिनल किंवा बारीक केबल चालत नाही. गोठ्यात उभा बैल पाहून तो नांगराला चालेल असे ठरविण्यातला हा प्रकार झाला.

अवकाळी पाऊस पडतो, पाणंदीत ट्रॉली बसते आणि नेमका तेव्हाच विंच दगा देतो. मग मागच्या गाड्या अडतात, टोळी बसून राहते, तोडलेला ऊस वाळून वजन घटते, उताराही पडतो. नुकसान एकट्या गाडीवाल्याचे नसते, सगळ्या शिवाराचे असते. अशा घाईत 'मोटार जळाली' म्हणून मोकळे होतात आणि चांगली मोटार भरायला जाते. खरा दोष बहुधा मोटारीपर्यंत वीज पोचण्याच्या वाटेत असतो.

म्हणून मोटार खोलण्याआधी क्रमाने बघावे. पहिली बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. पण तेवढ्यावर भागत नाही. ओढताना व्होल्टेज किती उतरते ते पाहावे. दहाच्याही खाली गडगडले तर बॅटरी थकली आहे. ओढताना इंजिन चालूच हवे. दुसरे अर्थिंग. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरे विंचच्या अर्थच्या बोल्टवर धरावे. भार असताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखविले तर खोट त्याच वाटेत आहे. रंगाने माखलेल्या चॅसीवर भरवसा ठेवण्यापेक्षा जाड केबल थेट बॅटरीपर्यंत न्यावी.

मग कान लावावा. बटण दाबल्यावर 'टक' असा आवाजच आला नाही, तर रिमोट, त्याचा प्लग आणि बारीक वायरी तपासा. आवाज येतो, वीजही पुरेशी आहे, पण मोटार हलत नाही, तर सोलेनॉईडचे पॉइंट जळाले असतील किंवा मोटारीचे कार्बन झिजले असतील. एकाच दिशेने चालत असेल तर दोष सोलेनॉईडचा किंवा बटणाचा. मोटारीला हात लावू नका. मोटार फिरते पण ड्रम फिरत नाही, तर क्लचचा दांडा पुरता बसलाय का ते आधी बघा!

सर्वांत वाईट खोड निराळीच. व्होल्टेज कमी पडले की सोलेनॉईडचे पॉइंट चिकटतात आणि बटण सोडले तरी विंच ओढतच राहतो. यासाठी बॅटरीचा मेन स्विच ड्रायव्हरच्या हाताशी असलाच पाहिजे. त्यात काटकसर नको.

काहीजण म्हणतात, विंच हवा कशाला, दुसरा ट्रॅक्टर साखळी लावून ओढील की. ओढील, पण हिसक्याने हूक तुटतो, ट्रॅक्टरचे तोंड उचलून तो उलटतो. विंच सावकाश ओढतो, हाच त्याचा गुण. मात्र त्याच्याकडून हत्तीचे काम मागू नये. आधी मागची ट्रॉली सोडावी, चाकांपुढचा चिखल काढावा, पुली लावून दोर दुहेरी करावा. वेग निम्मा होतो, पण मोटारीवरचा ताणही जवळपास निम्म्यावर येतो. मिनिटभर ओढले की मोटारीला विसावा द्यावा. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थराची असते; थर चढतील तशी ती घटते. म्हणून दोर भरपूर सोडावा, तरी ड्रमवर किमान ५ वेढे राहू द्यावेत.

आणि बघ्यांची गर्दी! ताणलेला वायररोप तुटला तर चाबकासारखा येतो, माणूस जायबंदी होतो. दोरावर जड गोणपाट टाकावे, रेषेत कोणी उभे राहू नये, पोरांना तर लांबच ठेवावे. तारा तुटलेला रोप बिनदिक्कत बदलावा.

आमची मागणी एवढीच. हंगामापूर्वी भरलेली ट्रॉली थोड्या चढावर ओढून विंचची चाचणी घ्यावी आणि त्या वेळचे व्होल्टेज वहीत लिहावे. प्रत्येक गटात एकाच शिकलेल्या माणसाच्या हाती रिमोट द्यावा. सभासदांनीही गटऑफिसात जाऊन ती वही मागून पाहावी. विंच आपल्याच पैशाचा आहे, आणि चिखलात अडकणारा ऊसही आपलाच.