बंदी कागदावर, वात आमच्या गॅलरीत

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याच्या हातातलं वेप अचानक तापलं. घाबरून त्याने ते गॅलरीत भिरकावलं, ते नेमकं पडलं दुरुस्तीला काढलेल्या जाळ्यावर. नायलॉनला हातभर भोक. पोरगा वाचला, घर वाचलं. भाऊजींनी दोन कानाखाली दिल्या आणि विषय संपला, असं घरच्यांना वाटतं. मला नाही वाटत, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

भाचा १९ वर्षांचा. तो ओढतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. वास आला तरी आंब्याचा यायचा, कोण संशय घेणार? वर तो नुसता ओढत नाही, स्वतः बांधतो. त्याच्या डब्यात कॅन्थल तारेचं रीळ, बारीक स्क्रूड्रायव्हर, केमिस्टकडचा कापूस आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले दोन सेल निघाले. तार स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर सहा-सात वेढे गुंडाळायची, टोकं टँकमधल्या स्क्रूंखाली आवळायची, वेटोळ्यातून कापसाची वात ओवायची आणि वातीची टोकं रसात बुडतील अशी बसवायची. झाली कॉइल. आजोबांनी जाळं विणायला शिकवलेली बोटं ती, त्यांना हे काय अवघड! एका खोलीत माझी आई समईच्या वाती वळते, बाहेर गॅलरीत नातू ही वात वळतो.

समोरच्या टॉवरमधला पोरगा आयतं वेप घेतो, संपलं की फेकतो. आमचा पोरगा तार आणि कापूस बदलून तेच महिनोन्‌महिने चालवतो. परवडतं म्हणून.

यात धोका काय, तर लोक म्हणतील निकोटीन. ते आहेच, व्यसन त्याचंच लागतं. पण त्या दिवशी जाळं जाळलं ते शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. कॉइलचा रोध ०.२ ओहम असेल तर २१ अँपिअर प्रवाह ओढला जातो. लॅपटॉपमधला सेल एवढ्यासाठी बनवलेला नसतो. त्यात भाच्याचं यंत्र म्हणजे नुसती धातूची नळी, सेल आणि बटण. जास्त प्रवाह झाला तर तोडणारं सर्किटच नाही. तारेचं टोक टँकच्या भिंतीला टेकलं की शॉर्ट. २०१८ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये वेपचा स्फोट होऊन एक माणूस मेला. आणि वात कोरडी पडली की रस करपतो, फॉर्मल्डिहाइडसारखी विषारी द्रव्यं थेट छातीत.

मी भाच्याला विचारलं, हे तुला कोणी सांगितलं नाही? तो म्हणाला, "मामा, दुकानदार म्हणतो लवकर घे आणि निघ. त्याला काय विचारणार?"

इथे माझं सरकारशी भांडण सुरू होतं.

१८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. बंदी अख्ख्या वस्तूवर आहे तशी तिच्या कुठल्याही भागावरही आहे. म्हणजे भाच्याने मित्राला एक कॉइल वळून विकली तर तो गुन्हेगार, त्याच कलमाखाली ज्याखाली हजारो नग आयात करणारा येतो. ओढणाऱ्याला मात्र या कायद्यात वेगळी शिक्षाच लिहिलेली नाही. आता झडती टॉवरमध्ये होईल की मच्छीमार नगरात, हे सांगायला ज्योतिषी नको.

बंदीवाले २०१९ सालच्या अमेरिकेचा दाखला देतात. बरोबर आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे फुप्फुसाच्या आजाराने २,८०७ जण दवाखान्यात गेले, ६८ मेले. पण तपासात मुख्य संशय कशावर आला? चोरबाजारातल्या गांजाच्या अर्काच्या नळकांड्यांवर, त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. माल कोणी तपासलेला नसला की असं होतं. आपल्याकडे आज जो विकला जातो तो सगळाच न तपासलेला आहे.

आम्हा कोळ्यांना बंदी म्हणजे काय हे कोणी शिकवू नये. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोटी किनाऱ्याला लागतात. चूल कशी पेटते ते आमचं आम्हाला माहीत, तरी पाळतो, कारण मासळीची वीण वाचते हे डोळ्यांनी दिसतं. दुसरी बंदी एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर, २०१७ पासून. ती कशी पाळली जाते ते बघायला एकदा रात्री समुद्रात या. बंदी पाळायची कोणी आणि मोडायची कोणी, हे आमच्याकडे आधीच ठरलेलं असतं.

२६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी इथेच उतरले. त्यानंतर आमच्या खलाशांना बायोमेट्रिक कार्डं मिळाली, बोटींची तपासणी वाढली. आमची तक्रार नाही. पण खलाशाच्या खिशातलं कार्ड बघणाऱ्या यंत्रणेला चीनमधल्या शेन्झेनपासून मुंबईपर्यंत येणारा हा माल दिसत नाही?

आणि तंबाखूचं काय? २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, त्यातले बहुतेक चघळणारे नाहीतर मशेरी लावणारे. माझी आजी टोपली घेऊन निघण्याआधी मशेरी लावायची, आजही वाडीतल्या कित्येक मावश्या लावतात. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये तोंडाच्या कॅन्सरची रांग बघा, ती वेपवाल्यांची नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्टी सिगारेट विकायला बंदी केली. शाळेच्या १०० यार्डांत तंबाखू विकायचा नाही हा कायदा २००३ चा, दंड २०० रुपयांपर्यंत. मुलाला तंबाखू दिला तर बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या ओळखीतल्या किती टपरीवाल्यांना झाली?

वेपवरची बंदी उठवा असं मी म्हणत नाही. पोरांच्या फुप्फुसावर मला प्रयोग नकोत. पण बंदी घातली की काम संपलं, हे चालणार नाही. माझं मागणं एवढंच :

१. पकडायचं तर आयात करणाऱ्याला आणि घाऊक विक्रेत्याला पकडा. वात वळणाऱ्या पोराला पकडून आकडे वाढवू नका.

२. महापालिकेच्या दवाखान्यात व्यसन सोडवायला माणूस बसवा, आठवड्यातून एक दिवस तरी. पोलीस न बोलावता ऐकून घेणारा. मशेरीवाल्या मावशीलाही तोच उपयोगी पडेल.

३. शाळा-कॉलेजात "वेप वाईट" एवढं म्हणून थांबू नका. सेल का फुटतो, वात का करपते, निकोटीन का सुटत नाही, हे उघड सांगा. माहिती दिली म्हणजे उत्तेजन दिलं असं होत नाही. न दिल्याने काय झालं, ते आमच्या जाळ्यात बघा.

सरकारची एक फोन सेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. तंबाखू सोडायला मदत करतात. भाच्याला नंबर मीच दिला. इतकी वर्षं शेजारीपाजारी कोणाच्या तोंडून तो ऐकला नव्हता, यातच सगळं आलं.

सेल आम्ही ई-कचऱ्यात दिले. रीळ अजून त्याच्याकडे आहे, मला माहीत आहे. रोज संध्याकाळी त्याला जाळ्याला बसवतो आणि बोलतो. हातभर भोक भरायला चार दिवस लागले. तेवढ्या वेळात तो जेवढं बोलला तेवढं दोन वर्षांत बोलला नव्हता.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी पोराचा डबा उघडून बघा. कानाखाली देऊ नका, विचारा.