आधी रुग्ण, मग कागद



मागील पावसाळ्यातील एका पहाटेची गोष्ट. कागद गिरणीतून निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ न्हाणीघरातून बाहेर येताना अडखळले. बोलणे बोबडे झाले, उजवा हात लुळा पडला. मला फोन आला तो पन्नास मिनिटांनी. मधल्या वेळात काकू कपाटात पॉलिसी शोधत होत्या आणि पुण्याचा मुलगा 'कॅशलेस कुठे मिळेल' ही यादी चाळत होता.

पक्षाघातात मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आपल्या बल्लारपूरहून चंद्रपूर जवळ असले, तरी नागपूर दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. गृहस्थ वाचले, पण हात पूर्ववत झाला नाही. त्या पन्नास मिनिटांचा त्यात वाटा किती, हे कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून आज औषधांऐवजी कागदांविषयी लिहितो आहे.

पहिली गोष्ट, आधी १०८ क्रमांकाला फोन करावा आणि जेथे उपचार होऊ शकतील अशा सर्वांत जवळच्या रुग्णालयात पोहोचावे. प्राण वाचविणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. पॉलिसी घरी राहिली तरी चालेल. रुग्ण घरी राहता कामा नये.

रुग्ण दाखल झाल्यावर एका नातलगाने रुग्णाजवळ थांबावे आणि दुसऱ्याने 'आरोग्यमित्रा'चा कक्ष गाठावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करून संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा शासन निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेले 'आयुष्मान वय वंदना' कार्ड आहे. मात्र रुग्णालय योजनेत असावे लागते आणि आजारही यादीत असावा लागतो. तातडीच्या प्रसंगी रुग्णालयाला दूरध्वनीने सूचना देऊन उपचार सुरू करता येतात. कागद मागाहून देता येतात. कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्यांनी आपल्या निवृत्तीपश्चात वैद्यकीय योजनेचे कार्डही दाखवावे.

खासगी विमा असल्यास कार्डावरील क्रमांकावर दाखल झाल्याची सूचना लगेच द्यावी. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावयाचा असतो आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची असते. येथे एक गैरसमज दूर करतो. कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे नव्हे. आपण पैसे भरून नंतर प्रतिपूर्ती मागू शकता. मात्र मूळ बिले, तपासण्यांचे अहवाल व डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे.

खोली निवडतानाही सावध असावे. समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा तीन हजार आहे आणि आपण सहा हजारांची खोली घेतली. फरक फक्त तीन हजारांचा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अनेक पॉलिसींत डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, कापले जाते. औषधे आणि तपासण्या यांना ही कपात लागू होत नाही. खोली घेण्यापूर्वी मर्यादा किती, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका आजींना पुढे पाठविताना मी चिठ्ठीत घाईने लिहिले, 'रक्तदाब बऱ्याच वर्षांपासून.' वास्तविक निदान दोन वर्षांपूर्वीचे होते आणि पॉलिसी तीन वर्षांची. 'आजार लपविला' असे म्हणून दावा फेटाळला गेला. मी जुनी नोंदवही काढून निदानाच्या तारखेचा दाखला दिला, तेव्हा काही महिन्यांनी रक्कम मिळाली. तोवर त्या घराने कर्ज काढले होते. तेव्हापासून मी अंदाज लिहीत नाही, तारीख लिहितो. आपणही डॉक्टरांना नेमके सांगावे आणि लिहिलेले वाचून घ्यावे. पॉलिसी घेताना मात्र काहीही लपवू नये. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाही या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. तरीही अन्याय झाला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते.

या रविवारी एवढे करावे. एका पिशवीत आधार कार्ड, शिधापत्रिका, योजनेचे व विम्याचे कार्ड, चालू औषधांची यादी आणि प्रत्येक आजाराच्या निदानाची तारीख ठेवावी. पिशवी दाराजवळच्या खिळ्याला टांगावी, कपाटात नव्हे. परगावी असलेल्या मुलामुलींना या सर्वांची छायाचित्रे पाठवून ठेवावीत.

त्या काकूंची पिशवी आता दाराशीच असते. आपली आजच टांगा.