शिसपेन्सिलीत नसलेले शिसे

मराठीत आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो, कानडीत 'सीसद कड्डी'. गंमत अशी, की दोन्ही भाषांनी ज्याचे नाव दिले ते शिसे पेन्सिलीत नसतेच. असते ते ग्रॅफाइट. खरे शिसे सापडते ते रस्त्याकडेच्या धुळीत, जुन्या रंगाच्या पापुद्र्यांत आणि बॅटऱ्या फोडतात त्या जागी.

एकेकाळी ते पेट्रोलमध्येच मिसळत. गाडीच्या धुरातून ते थेट आपल्या श्वासात येई. 1990 च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने सात शहरांत रक्ततपासणी केली. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले.

हे वर्गात सांगितले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग आता काळजी कसली?" प्रश्न रास्त होता. पण धूर विरतो, धातू विरत नाही. तो कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही. मातीत बसतो आणि वाऱ्याने, वाहनांनी पुन्हा उडतो. त्यात कोळशाचा धूर, जाळलेला कचरा आणि उघड्यावर वितळवलेल्या बॅटऱ्यांची भर. म्हणूनच 2009 च्या राष्ट्रीय हवा मानकांत शिशाबरोबर आर्सेनिक आणि निकेल यांच्याही मर्यादा घातल्या आहेत.

शिशाची लबाडी अशी, की शरीर त्याला कॅल्शियम समजते आणि हाडांत साठवून ठेवते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाचपट शोषतात. त्यातून बुद्धीची वाढ खुंटते, लक्ष लागत नाही, रक्त कमी होते. मोठ्यांना रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार जडतात. शिशाची सुरक्षित मात्रा अशी नाहीच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

त्या विद्यार्थ्याचे वडील बॅटरी दुरुस्तीचे काम करतात आणि घरात धाकटी बहीण अजून रांगते आहे. 'काम सोडा' म्हणणे सोपे, पण चूल त्यावरच पेटते. मी एवढेच सांगितले, की वडिलांनी कामाचे कपडे घरात आणू नयेत, ते वेगळे धुवावेत आणि अंघोळ करूनच मुलीला उचलून घ्यावे. डॉक्टरांना विचारून तिच्या रक्तातील शिसेही तपासून घ्यावे.

बाकीच्या घरांनीही चपला दाराबाहेर ठेवाव्यात. कोरड्या झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसावी. मुलांच्या ताटात नाचणी, तीळ, पालेभाज्या असाव्यात. लोह आणि कॅल्शियम पुरेसे मिळाले, की शिसे कमी शोषले जाते. आणि जेवणापूर्वी मुलांना 'हात धू' म्हणा की 'कै तोळको', पण म्हणायला विसरू नका.