बर्फातलं इंजिन आणि विहिरीतली मोटार

उणे वीस अंश थंडीत इंजिन तापून बंद पडायची वेळ येते, असं कुणी सांगितलं तर आपल्या रामाकोन्यातली माणसं हसतील. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. त्यानं फोनवर हेच सांगितलं तेव्हा मीही हसलो. तो म्हणाला, "मामा, थट्टा नाही. खाली गोठलेलं तळं, चहूकडे बर्फ, आणि गाडीचा तापमानाचा दिवा लागला!"

ही गाडी म्हणजे स्नोमोबाइल. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या आणि मागे रबराचा रुंद फिरता पट्टा. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातले जोसेफ-आर्मां बोम्बार्दिए यांनी १९५९ मध्ये 'स्की-डू' नावाची हलकी गाडी बाजारात आणली आणि घरोघरी ही वाहनं झाली. सुरुवातीच्या गाड्यांची इंजिनं वाऱ्यावर थंड व्हायची. आजच्या अनेक दणकट गाड्यांची इंजिनं मात्र आत खेळवलेल्या द्रवावर थंड होतात. पण आपल्या ट्रॅक्टरसारखा पुढे रेडिएटर बहुतेकींना नसतो. तो तापलेला द्रव ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांतून फिरतो आणि या पट्ट्या बसवलेल्या असतात फिरत्या पट्ट्याच्या वर, गाडीच्या पोटाखाली. पट्टा फिरताना भुसभुशीत बर्फ उडवतो, तो या पट्ट्यांवर आपटून वितळतो आणि उष्णता घेऊन जातो. एक किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक लिटर गोठणबिंदूचं पाणी ८० अंशांपर्यंत तापतं. यावरून त्या उडत्या बर्फाची ताकद लक्षात यावी.

अडचण येते ती वाट घट्ट झाल्यावर. शेकडो गाड्या जाऊन जाऊन बर्फ फरशीसारखा होतो. पट्टा त्यावरून नुसता फिरतो, उडत काहीच नाही. मग इंजिन तापतं. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घासत जातो, त्यांनाही बर्फाचं वंगण मिळत नाही आणि त्या झिजतात.

यावर तिकडच्या लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडला. गाडीच्या खाली दोन्ही बाजूंना पोलादी स्प्रिंगची एकेक काडी लावायची. तिचं टोक मागच्या बाजूला झुकलेलं आणि बर्फावर टेकलेलं. गाडी चालली की टोक बर्फ खरवडतं, त्याचा चुरा पट्ट्यावर उडतो आणि तिथून वर. आपण तिला खरवडणी म्हणू. ती दुकानात मिळते, पण हौशी मंडळी घरीच करतात. कुणी स्प्रिंगचं पोलाद वाकवून घेतं, कुणी जाड तारदोराचा तुकडा वापरतं. पथ्यं दोनच. काडी लवचिक हवी, आणि ताठ काडी असेल तर गाडी मागे घेण्याआधी ती उचलून अडकवायची. नाही तर टोक बर्फात रुततं आणि काडी वाकते.

आता तुम्ही म्हणाल, कान्हान नदीकाठच्या माणसाला या बर्फाचं काय? वाचकहो, काय ते सांगतो. गारवा जवळ असून भागत नाही, तो यंत्राच्या अंगावरून जावा लागतो. त्या तळ्यावर बर्फाला तोटा नव्हता, तो इंजिनापर्यंत पोहोचत नव्हता एवढंच. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या विहिरींत घडते.

जुन्या लोकांना विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवत असेल. पंपाच्या पाण्यातून एक बारीक नळी काढून इंजिनाला द्यायची, आणि तापलेलं पाणी दुसऱ्या नळीनं दांडात पडायचं. थंडीच्या दिवसांत त्या कोमट धारेखाली आम्ही पोरं आंघोळी करायचो. डिझेल जाळून जी उष्णता मिळते, तिचा साधारण तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा धुरावाटे जातो आणि उरलेला असा पाण्यानं ओढून न्यावा लागतो. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की पंप पाणी सोडायचा आणि ती धार बंद व्हायची. पण इंजिन चालूच राहायचं! म्हणून घरातल्या एकाला धारेवर लक्ष ठेवायला बसवत. धार दिसत होती म्हणून इंजिनं वाचत होती.

आता सबमर्सिबल मोटारी आल्या. त्या पाण्यात बुडालेल्या, त्यामुळे त्यांचं तापणं दिसत नाही. माझ्या चुलतभावाची, दादाची, संत्र्याची बाग आहे. एका उन्हाळ्यात बोअर आटली, तेव्हा दादानं तिच्यातली मोटार काढून जुन्या विहिरीत सोडली. विहिरीला चांगलं दोन पुरुष पाणी. तरी पंधरा दिवसांत मोटार जळली. रिवाइंडिंग करून आणली, पुन्हा सोडली, पुन्हा जळली. झाडांवर आंबिया बहाराची लिंबाएवढी फळं, वर वैशाखाचं ऊन, आणि मोटार दुकानात. झाडाखाली रोज गळलेल्या फळांचा सडा पडायचा. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, विहिरीत येवढं पाणी आहे, तरी मोटार कायले जळते?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर दिलं एका जुन्या मिस्त्रीनं. या मोटारीची रचना अशी, की खाली मोटार, तिच्यावर पाणी ओढायची जाळी आणि त्यावर पंप. बोअर अरुंद असते. पाणी खालून वर येताना मोटार आणि बोअरची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून वेगानं जातं आणि मोटारीला गार करत जातं. वीस फूट रुंदीच्या विहिरीत मात्र पंप जाळीच्या आजूबाजूचंच पाणी ओढतो. खालच्या मोटारीभोवतीचं पाणी जागच्या जागी तापत राहतं. त्यात मोटार गाळात टेकली असेल तर जणू गोधडीच पांघरली.

मिस्त्रीचा उपाय म्हणजे आपल्या गावची खरवडणीच. मोटारीपेक्षा इंच-दीड इंच जास्त व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्यायचा. तो मोटार आणि जाळी या दोन्हींवरून चढवायचा. जाळीच्या वर त्याचं तोंड रबर आणि पट्टीनं आवळून बंद करायचं, खालचं तोंड मोटारीच्याही खाली उघडं ठेवायचं. आता पंपाला पाणी हवं तर ते खालून, मोटारीच्या अंगाला घासूनच यायला हवं. म्हणजे विहिरीच्या पोटात एक छोटी बोअरच तयार झाली. मोटार तळापासून दोन-तीन फूट वर टांगायची. पाइपाची कड केबलला कापणार नाही हे पाहायचं. आणि हे काम करताना मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवायचे, मग घाई कितीही असो. दादाची मोटार त्यानंतर टिकली. त्या वर्षी मात्र अर्धा बहार गळून गेला होता.

पाइपचा तुकडा विहिरीतलं पाणी वाढवत नाही. पाणीच खाली गेलं तर कोरडी चालून मोटार जळणारच. त्यासाठी स्टार्टरच्या पेटीत पाणी सुटताच मोटार बंद करणारं साधन मिळतं, ते बसवून घ्यावं. पूर्वी धारेवर लक्ष ठेवणारं पोर जे काम करायचं, तेच हे करतं. रात्रीच्या विजेवर ओलित करणाऱ्यांनी तर ते टाळूच नये.

ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू आहे. गहू काढताना थ्रेशरचं कुटार उडून रेडिएटरवर बसतं. वारा पुढे भरपूर असतो, पण आत शिरत नाही. पुढच्या जाळीवर डासांच्या जाळीचा मोठा तुकडा तारेनं अडकवा आणि दर तासाला झटका. तो न झटकता ठेवला तर कुटारापेक्षा तोच जास्त घात करील. रेडिएटर साफ करताना हवा पंख्याच्या बाजूनं बाहेर मारावी, म्हणजे घाण आली त्या वाटेनं परत जाते. पाण्याचा जोरदार फवारा जवळून मारला तर बारीक पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

आणखी एक गोष्ट घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उकळून तोंडावर उडतं. तापलेल्या कोरड्या इंजिनात गार पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जातो. ओझं काढावं, पाणी-हवा सुरू असेल तर इंजिन थोडा वेळ हळू चालू ठेवावं, नसेल तर बंद करावं आणि निवू द्यावं. तोवर चहा होतो.

होळी झाली की ओलिताची खरी परीक्षा सुरू होते. त्याआधी एक दिवस काढून मोटार वर घ्या. ती रुंद विहिरीत असेल आणि अंगावर पाइप नसेल, तर बाजाराच्या दिवशी सौंसरहून येताना तेवढा तुकडा घेऊन या.