बदनाम ‘डूम’ची भुरळ

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न फिरून फिरून येतो. ‘मुलगा सतत गोळीबाराचे गेम खेळतो. त्याच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?’ पत्र कधी इंदूरहून येतं, कधी बडोद्याहून, कधी डोंबिवलीहून. गेमचं नाव दर वेळी वेगळं असतं. पण या साऱ्या गेमांचं गोत्र शोधत मागे गेलं की आपण एका नावापाशी येऊन थांबतोच: ‘डूम’! या खेळाने जगभरच्या पोरांना जेवढं वेड लावलं, तेवढ्याच त्यांच्या आईबापांच्या शिव्याही खाल्ल्या. म्हणून या वेळी त्याचीच कुंडली मांडू या.

‘डूम’ जन्मला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलस शहराजवळच्या मेस्किट गावात. तारीख १० डिसेंबर १९९३. जन्मदाते होते ‘आयडी सॉफ्टवेअर’ कंपनीतले पंचविशीच्या आसपासचे तरुण. त्यातला जॉन कार्मॅक प्रोग्रॅम लिहायचा. चौदाव्या वर्षी शाळेत घुसून कॉम्प्युटर पळवण्याच्या भानगडीत पकडला गेलेला आणि वर्षभर बालसुधारगृहात राहून आलेला असा हा गडी! दुसरा जॉन रोमेरो. लांब केसांचा, बोलघेवडा, खेळ रचण्यात पटाईत. तिसरा एड्रियन कार्मॅक हा चित्रकार. जॉनचा नातेवाईक वगैरे नव्हे, नुसता आडनावबंधू. ही मंडळी आधी लुइझियाना राज्यातल्या ‘सॉफ्टडिस्क’ या कंपनीत नोकरीला होती. तिथे सुट्टी लागली की कंपनीचेच कॉम्प्युटर गाडीत घालून घरी न्यायचे, शनिवार-रविवार जागून स्वतःचा गेम बनवायचा आणि सोमवारी सकाळी मशीन मुकाट्याने जागेवर आणून ठेवायची. अशा उसनवारीवर पहिलं यश मिळालं आणि १९९१ साली त्यांनी स्वतःची चूल मांडली.

‘डूम’ या नावामागेही किस्सा आहे. ‘द कलर ऑफ मनी’ या १९८६ सालच्या सिनेमात टॉम क्रूझ बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर येतो. त्याच्या हातातल्या पेटीत काय आहे असं कुणी विचारतं, तर तो हसून एवढंच सांगतो, ‘डूम’. म्हणजे तुमचा सर्वनाश! आपला खेळ बाजारात आला की प्रतिस्पर्ध्यांचं असंच व्हावं, ही कार्मॅकची इच्छा. ती बरीचशी पुरी झाली.

गोष्ट तशी चार ओळींची. मंगळाच्या फोबोस आणि डिमॉस या दोन चंद्रांवर एका बड्या कंपनीचे प्रयोग चाललेत. इकडचा माणूस क्षणात तिकडे पाठवायचा. प्रयोग फसतो आणि भलतंच दार उघडतं, थेट नरकाचं. त्यातून राक्षसांच्या झुंडी बाहेर पडतात. उरतो एक सैनिक, त्याला नावसुद्धा नाही. त्याची मंगळावर बदली झालेली असते ती शिक्षा म्हणून. सामान्य नागरिकांवर गोळ्या झाडायचा हुकूम देणाऱ्या वरिष्ठालाच त्याने चोपलेलं असतं. हा तपशील गेमसोबतच्या पुस्तिकेत होता. ‘डूम’ला शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला असेल, कोण जाणे.

आता भुरळीचं म्हणाल तर ती गोष्टीत नाहीच. ती आहे भीतीत आणि वेगात. पडद्यावर आपला माणूस दिसत नाही, दिसतात फक्त त्याचे हात आणि हातातली बंदूक. म्हणजे डोळे त्याचे आणि जीव आपला! पुढे अंधारा बोळ. दिवा लुकलुकतोय. भिंतीपलीकडे कुणीतरी घशातल्या घशात गुरगुरतंय. दार सर्रकन वर जातं आणि आगीचा गोळा अंगावर येतो. खाली पट्टीवर सैनिकाचा चेहरा असतो. मार बसेल तसा तो रक्ताने माखत जातो, डावी-उजवीकडे बघत राहतो. त्यामुळे धाकधूक आणखी वाढते. थांबलात की संपलात, म्हणून धावत राहायचं. खेळणाऱ्याला थोड्याच वेळात कळतं, की इथे नुसत्या गोळ्या झाडून भागत नाही, डोकंही चालवावं लागतं. एका राक्षसाचा नेम चुकून दुसऱ्याला लागला तर ते दोघे आपापसांत जुंपतात! मग शहाणा खेळाडू मध्ये न पडता कोपऱ्यातून गंमत बघतो आणि आपल्या गोळ्या वाचवतो. चाळीतली भांडणं पाहिलेल्या माणसाला हे तंत्र नवं नाही.

आणि राक्षस मारण्याचं म्हणाल, तर नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपाशी टाचेखाली कारीट चिरडताना आपणही नरकासुरच मारत असतो. लहानपणी त्यात केवढं शौर्य वाटायचं! ‘डूम’च्या बऱ्याच लेव्हल रचणारा सँडी पीटरसन हा धर्मनिष्ठ मॉर्मन ख्रिस्ती. एवढे सैतान काढायला त्याला काही वाटलं नाही, कारण त्याच्या मते ते या खेळातले दुष्टच आहेत. अर्थात कारिटातून रक्ताचे फवारे उडत नाहीत, हा फरक मान्य करायलाच हवा. ‘डूम’मध्ये रक्त आहे आणि ते भरपूर आहे.

त्या काळच्या साध्या कॉम्प्युटरवर हे सगळं एवढ्या वेगाने पळायचं कसं? तर कार्मॅकची एक युक्ती. आपण घराचा नकाशा कागदावर काढतो, तसाच ‘डूम’ची प्रत्येक लेव्हल हा एक सपाट नकाशा आहे. खोलीवर खोली असा मजला त्यात चढवताच येत नाही. या नकाशाचे आधीच रेषा मारून बारीक तुकडे करून ठेवलेले असतात. त्यामुळे तुम्ही जिथे उभे असाल तिथून कोणती भिंत पुढे आणि कोणती मागे, हे मशीनला झटकन कळतं. मागची झाकलेली भिंत रंगवण्यात वेळ जात नाही. ही कल्पना मुळात कार्मॅकची नव्हे, संशोधकांच्या निबंधांत ती आधीपासून होती. खेळात तिचं सोनं केलं ते त्याने. बाकी मामला घरगुतीच होता. राक्षसांपैकी काही मातीचे करून, त्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो घेऊन पडद्यावर आणले. बंदुकांतल्या काही तर खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या!

विकण्याची तऱ्हाही वेगळी. मिठाईवाला आधी एक तुकडा चाखायला देतो, तसा ‘डूम’चा पहिला नऊ लेव्हलचा भाग फुकट. तो मित्राला द्या, त्याने पुढे द्यावा. उरलेले दोन भाग हवेत तर पैसे पाठवा. त्या डिसेंबरच्या मध्यरात्री हा फुकट भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचं ठरलं होतं, तर वाट पाहणाऱ्यांची तिथे एवढी झुंबड, की फाइल चढवणाऱ्यालाच आत शिरायला जागा मिळेना! आणि मग सर्व्हरनेच मान टाकली. चार जणांना जोडलेल्या मशीनवर एकमेकांविरुद्ध खेळता यायचं. या झुंजीला ‘डेथमॅच’ हे नाव रोमेरोने दिलं. पण ऑफिसांतली नेटवर्कं त्यामुळे गुदमरायला लागली आणि कित्येक कंपन्यांनी व विद्यापीठांनी ‘डूम’ला मनाईच केली. बिल गेट्सना मात्र त्यात धंदा दिसला. १९९५ साली ‘विंडोज ९५’चा गवगवा करण्यासाठी हे गृहस्थ लांब कोट घालून, हातात बंदूक घेऊन ‘डूम’च्या बोळात उभे असलेले एका चित्रफितीत दिसले. आपल्याकडे तेव्हा हा खेळ फ्लॉप्यांवरून हातोहात फिरत होता.

आता बदनामीकडे वळू. योगायोग बघा, ‘डूम’ यायच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबर १९९३ रोजी, अमेरिकेच्या सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात दुसरे गेम होते. त्यातूनच पुढच्या वर्षी गेमना वयानुसार मानांकन देणारं मंडळ अमेरिकेत सुरू झालं. जर्मनीने १९९४ साली ‘डूम’ला अशा यादीत टाकलं, की त्याची उघड जाहिरात नको आणि अल्पवयीनांना विक्री नको. त्या यादीतून सुटका व्हायला २०११ साल उजाडलं. अमेरिकी मरीन सैनिकांनी १९९६ साली ‘डूम’चा दुसरा भाग स्वतःला हवा तसा बदलून सरावासाठी घेतला. चौघांच्या तुकडीने मिळून काम कसं करावं, हे शिकण्यासाठी तो होता. पण लोकांनी त्यातून भलताच अर्थ काढला: बघा, सैन्यसुद्धा या गेमवर माणसं मारायला शिकवतं!

आणि मग आला २० एप्रिल १९९९. कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बंदुका घेऊन आपल्याच सोबत्यांना आणि एका शिक्षकाला ठार केलं. ही दोन्ही मुलं ‘डूम’ खेळायची. एकाने तर स्वतःच्या लेव्हल रचल्या होत्या. त्याने आपल्या शाळेचा हुबेहूब नकाशा ‘डूम’मध्ये उतरवून तालीम केली, अशी अफवा उठली. त्याच्या लेव्हल पुढे लोकांनी उघडून पाहिल्या, त्यात शाळा कुठेच नव्हती. पण अफवा आजही जिवंत आहे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीही रेडिओवरच्या भाषणात ‘डूम’चं नाव घेतलं. मृतांच्या काही नातलगांनी गेम कंपन्यांवर दावे लावले, ते २००२ साली कोर्टाने फेटाळले. ज्यांची पोरं गेली त्यांचा संताप समजू शकतो. त्यांना कुणीतरी जबाबदार हवं होतं. मात्र तोवर हा खेळ लक्षावधी घरांत खेळला गेला होता, आणि तिथल्या मुलांनी परीक्षा दिल्या, नोकऱ्या धरल्या, लग्नं केली, हेही विसरून चालणार नाही.

संशोधन काय म्हणतं? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या वागण्याबद्दल त्यांनी आईबापांनाच विचारलं आणि गेम किती हिंसक हे अधिकृत मानांकनावरून ठरवलं. हिंसक गेम आणि मुलांचा आक्रमकपणा यांचा संबंध त्यांना आढळला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचं मत थोडं वेगळं. आरडाओरड, धक्काबुक्की अशा वागण्याशी थोडासा संबंध दिसतो, पण खून-मारामाऱ्यांचं खापर गेमवर फोडायला पुरावा नाही, असं तिने २०२० साली पुन्हा स्पष्ट केलं. गेमपायी झोप, अभ्यास, जेवण सारंच सुटणं ही गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने तिची आजारांच्या यादीत नोंद केली आहे. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या ताईंनी मुलगा काय खेळतो याच्याइतकंच तो किती वाजेपर्यंत खेळतो, हेही बघावं.

पण म्हणून आठ वर्षांच्या पोराच्या हाती ‘डूम’ द्यावा का? मुळीच नाही! गेमच्या माथी अमेरिकेत १७ वर्षांवरचं आणि युरोपात १८ वर्षांवरचं मानांकन आहे, ते उगाच नाही. पहिल्या ‘डूम’मधले राक्षस आज ठोकळ्याठोकळ्यांचे दिसतात, मुलांना हसू येतं. २०१६ साली आलेल्या नव्या अवताराचं तसं नाही. तिथे राक्षसाचे तुकडे अगदी जवळून दिसतात, आणि तसं मारलं की आपल्याला बळ मिळतं. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, गेमला तसं मंडळ नाही. तेव्हा ‘ए’ सर्टिफिकेटच्या सिनेमाला मुलांना नेत नाही, तोच न्याय घरी आपणच लावायचा.

मात्र ‘डूम’ने मुलांच्या हातात आणखीही एक गोष्ट दिली, आणि तिची बातमी कधी फारशी झाली नाही. लेव्हल, चित्रं, आवाज हे सगळं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेलं होतं. कुणीही ती बदलावी! दिवाळीत जसा प्रत्येक वाड्यातला किल्ला वेगळा, तशा जगभरच्या पोरांनी आपापल्या लेव्हल बांधल्या. डिसेंबर १९९७ मध्ये तर कार्मॅकने मूळ प्रोग्रॅमच सगळ्यांसाठी खुला केला. किती जण त्यावर हात साफ करून प्रोग्रॅमर झाले असतील, त्याची मोजदाद नाही. आज ‘डूम’ कशावर चालवून दाखवावा याची पैजच लागलेली असते. कॅल्क्युलेटर झाला, कॅमेरा झाला, २०१४ साली ऑफिसातल्या प्रिंटरच्या छोट्या पडद्यावरही चालवून झाला. २०२२ मध्ये एकाने ट्रॅक्टरच्या पडद्यावर तो चालवला!

मधल्या काळात घर मात्र फुटलं होतं. रोमेरोला १९९६ सालीच कंपनीतून जावं लागलं, कार्मॅक २०१३ साली बाहेर पडला. २००५ साली सिनेमाही निघाला, त्याबद्दल न बोललेलं बरं. कंपनी विकली गेली आणि २०२१ पासून ती बिल गेट्सच्या जुन्या मायक्रोसॉफ्टकडे आहे. बदनामीची धारही बोथट झाली. ‘डूम इटर्नल’ २० मार्च २०२० रोजी आला, सगळं जग कोरोनाने दारं लावून बसलं होतं तेव्हा. त्याच दिवशी ‘अॅनिमल क्रॉसिंग’ हा झाडं लावायचा, मासे पकडायचा अगदी निरागस गेमही आला. दोन्हींच्या चाहत्यांत जुंपेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. त्या गेममधली गोंडस कुत्री इझाबेल आणि ‘डूम’चा चिलखतधारी सैनिक हातात हात घालून फिरताहेत, अशी चित्रं लोकांनी काढली आणि ती जगभर गाजली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या खेळ-संग्रहालयाने २०१५ साली नामवंत व्हिडिओ गेमांचं दालन सुरू केलं, त्यात पहिल्या सहांत ‘पॅकमॅन’ आणि ‘टेट्रिस’शेजारी ‘डूम’ही मानाने बसलाय.

मालिकेतला ‘द डार्क एजेस’ मे २०२५ मध्ये आला. सैनिकाच्या हातात आता ढाल आहे आणि खेळाचा वेग, शत्रूच्या फटक्याचा जोर आपापल्या कुवतीप्रमाणे कमी-जास्त करायची सोय आहे. १९९३ साली कॉलेज बुडवून ‘डूम’ खेळणारी पोरं आता पन्नाशीत आलीत. सोय नेमकी कुणासाठी, हे कंपनीने सांगितलेलं नाही, पण ती वापरणाऱ्यांत चष्मेवाले बाबालोक बरेच असणार!